चोरानं कुलूप बदललं तर...?

दोस्तहो,

चाचणी परीक्षा संपली का? मग आज जरा वेगळ्या विषयावर गप्पा मारू या. विषय आहे फोनचा. 'फोन कमी बघा' हे मी नेहमीच सांगते, ते आज सांगणार नाही. (हुश्श केलंत ना?) आपलाच फोन एके दिवशी आपलं ऐकेनासा झाला आणि दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकायला लागला, तर काय करायचं, ते आज बघायचंय.

आमच्या शाळेतलीच एक गोष्ट सांगते. खरी आहे, म्हणून नाव सांगत नाही. सातवीतला एक मुलगा. वडील रिक्षा चालवतात. घरात मोठा फोन एकच, तो वडिलांचा. एका रविवारी रात्री आठ वाजता त्यानं गृहपाठाचा फोटो काढायला फोन हातात घेतला. तेवढ्यात वडिलांच्या ओळखीच्या एका काकांच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. नाव होतं 'लग्नपत्रिका'. नावाच्या शेवटी एक टिंब आणि त्यापुढे तीन इंग्रजी अक्षरं होती, ए-पी-के.

काकांकडे लग्न म्हणजे जेवण, वरात, मज्जा! यानं फाइलवर बोट ठेवलं. फोननं विचारलं, "अनोळखी ॲप बसवू का?" हा म्हणाला, हो. "मेसेज वाचायची परवानगी?" हो. "फोटो बघायची परवानगी?" तीही हो. पत्रिका काही उघडली नाही. पण दहाएक मिनिटांत तीच फाइल वडिलांच्या नंबरावरून भराभर जायला लागली. मामाला, आत्याला, रिक्षा स्टँडवरच्या सगळ्यांना, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर. पाठवत कुणीच नव्हतं, आपोआप जात होती!

त्याच्या पोटात गोळाच आला. आता बाबा काय म्हणतील? फोनला हात लावू देतील का? त्यानं काय केलं माहितीय? फोन गुपचूप चार्जिंगला लावला आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहिला. झोप कसली येते!

आता माझी गोष्ट ऐका. पालकांच्या ग्रुपवर मीही आहे. नऊच्या सुमाराला ती 'लग्नपत्रिका' मलाही दिसली. काहीतरी गडबड आहे हे मला कळलं. मी ती फाइल उघडली नाही, पुसून टाकली, आणि दिवा मालवून झोपले. बस्स, एवढंच केलं! त्या मुलाच्या घरी एक फोन करायला मला दोन मिनिटं लागली असती. केला नाही. उद्या बघू म्हटलं.

तो भीतीनं गप्प राहिला, मी आळसानं गप्प राहिले. आणि चोराला अख्खी रात्र मिळाली.

सोमवारी पोरानं खिचडीला हात लावला नाही. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "बाई, माझ्याकडून एक चूक झालीय." सगळं ऐकलं आणि मला माझी रात्रीची पुसलेली फाइल आठवली. लगेच त्याच्या वडिलांना फोन लावायला गेले, तर फोन लागेचना! शेवटी स्टँडवरच्या दुसऱ्या रिक्षावाल्यांना फोन करून त्यांना शाळेत बोलावून घेतलं. बँकेत विचारल्यावर कळलं, की पहाटे दोन वेळा खात्यातून पैसे गेले होते. एकदा ९,००० रुपये आणि एकदा ५,५०० रुपये. रिक्षाच्या हप्त्याचे पैसे होते ते.

आता तुम्ही विचाराल, एक फाइल उघडली तर बँकेतले पैसे कसे गेले?

ती पत्रिका नव्हतीच मुळी. ते होतं एक ॲप, पत्रिकेचं सोंग घेतलेलं. अशा सोंगाड्या प्रोग्रॅमला 'ट्रोजन' म्हणतात. ग्रीक लोकांची ट्रॉय नगरीची कथा तुम्ही वाचली असेल. लढाई करून शहर मिळेना, तेव्हा ग्रीकांनी एक मोठ्ठा लाकडी घोडा वेशीबाहेर ठेवला. ट्रॉयच्या लोकांनी तो भेट समजून स्वतःच आत ओढून नेला. रात्री त्याच्या पोटातले सैनिक बाहेर आले आणि त्यांनी वेशीचे दरवाजे उघडले. इथंही तसंच झालं. चोरानं दार फोडलं नाही. आपणच तीनदा 'हो' म्हणून त्याला आत घेतलं.

आत आल्यावर त्यानं दोन गोष्टी केल्या. वडिलांनी एटीएम कार्डाचा पुढून-मागून फोटो काढून फोनमध्ये ठेवला होता, तो बघितला. आणि बँकेकडून येणारा गुप्त आकडा, म्हणजे ओटीपी, मेसेजमधून वाचला. कार्ड मिळालं, ओटीपी मिळाला, झालं काम. व्हॉट्सॲपचा कोडही त्यानं असाच वाचला आणि ते खातं स्वतःच्या फोनवर उघडलं.

चला तर, आता मुख्य मुद्दा. घरात चोर शिरलाय असं कळलं, तर आपण काय करतो? ओरडतो. त्याची वाट अडवतो. तिजोरी बघतो. शेजाऱ्यांना उठवतो. मग कुलपं बदलतो. फोनचंही अगदी तस्सं आहे. फक्त क्रम चुकवायचा नाही. त्या सोमवारी आम्ही जे केलं, ते ओळीनं सांगते. वहीत लिहून घ्या.

पहिलं काम: ओरडा! म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. रात्रीचे अकरा वाजले असले, बाबा झोपले असले, तरी उठवा. बोलणी बसली तर बसू देत. बोलणी पाच मिनिटांत संपतात, गेलेले पैसे पाच मिनिटांत येत नाहीत.

दुसरं काम: वाट अडवा. चोर तुमच्या घरात नाही, तो दूर कुठंतरी बसलाय. तुमच्या फोनपर्यंत तो इंटरनेटच्या आणि मोबाइलच्या नेटवर्कच्या वाटेनं येतो. ती वाटच तोडायची. विमानाचं चित्र असलेलं बटण दाबा, म्हणजे फ्लाइट मोड. वायफायही बंद झालंय ना, ते वेगळं बघा. आमच्या या दोस्तानं रविवारी रात्री एवढं एक बटण दाबलं असतं, तर चोराला पहाटेचा ओटीपी वाचताच आला नसता! संगणक असेल, तर इंटरनेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा.

तिसरं काम: तिजोरी बघा. दुसऱ्या, चांगल्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा. नंबर कुठून घ्यायचा? कार्डाच्या मागं किंवा पासबुकावर छापलेला असतो, तोच. इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो नंबर लावायचा नाही, कारण तिथंही चोरच 'कस्टमर केअर' बनून बसलेले असतात.

पैसे गेले असतील, तर लगेच १९३० हा नंबर लावा. सायबर गुन्ह्यांत पैसे गेल्याची तक्रार करण्यासाठी सगळ्या देशाला हा एकच नंबर आहे. कसा लक्षात ठेवाल? दांडी यात्रा कोणत्या वर्षी निघाली? १९३०! इतिहासाचा अभ्यास असा कामी येतो बघा. लाइन लागली नाही, तर पुन्हा पुन्हा लावा. तोवर दुसऱ्या कुणाला तरी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी वेबसाइटवर तक्रार भरायला सांगा. बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. तक्रारीचा क्रमांक मिळेल, तो लिहून ठेवा. पोलीस ठाण्यातही जाऊन सांगा.

एवढी घाई कशासाठी? चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पळवत असतो. ते काढून घेण्याआधी तक्रार पोचली, तर बँक ते वाटेतच अडवून ठेवू शकते. आमच्या बाबतीत ९,००० रुपये आधीच काढून घेतले गेले होते. ५,५०० मात्र अजून एका खात्यात पडून होते, ते अडकले. ते परत मिळायलाही बरेच दिवस लागले, कागदपत्रं लागली. पण मिळाले. आणि ते ९,०००? ते रात्रीच अडवता आले असते का? मी अजूनही विचार करते.

चौथं काम: शेजाऱ्यांना उठवा. 'आमच्या नंबरावरून आलेली फाइल उघडू नका, पैसे मागितले तर देऊ नका' हे सगळ्यांना कळवा. दुसऱ्याच्या फोनवरून कळवा, फळ्यावर लिहा, स्टँडवर सांगा. त्या दिवशी मी पालकांच्या ग्रुपवर ते लिहिलं, आणि दोन पालकांनी कळवलं, 'बाई, आम्ही आत्ता उघडणारच होतो.' या कामाची लाज वाटू देऊ नका. आपल्या घरी ताप आला, तर आपण शेजारच्या बाळाला जवळ येऊ देतो का? सांगतोच ना? तसंच हे.

पाचवं काम: आपला नंबर परत घ्या. फोन चोराच्या ताब्यात असला, तरी सिम कार्ड आपल्या हातात आहे, हे विसरू नका. आम्ही ते सिम काढून मुलाच्या मामाच्या फोनमध्ये घातलं. तिथं व्हॉट्सॲपवर वडिलांचा नंबर टाकला. एसएमएसनं सहा आकडी कोड आला, तो भरला. आणि काय गंमत! एक नंबर दोन मुख्य फोनवर चालत नाही, त्यामुळे चोर आपोआप बाहेर फेकला गेला. जाता जाता त्यानं एक खोडी मात्र करून ठेवली होती. स्वतःचा एक पिन लावला होता. तो आपल्याला माहीत नाही, मग सात दिवस थांबावं लागतं. थांबलो. पण त्या सात दिवसांत चोरालाही काही करता येत नव्हतं, हे महत्त्वाचं. खातं मिळाल्यावर 'लिंक केलेली डिव्हाइस' हे पान उघडून बघा. अनोळखी संगणकाचं नाव दिसलं, तर त्याला तिथून काढून टाका. सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंगही तपासा. आपले कॉल दुसऱ्याच नंबरावर वळवलेले असतील, तर फोनवर येणारा कोड चोराला ऐकू जातो!

सहावं काम: कुलपं बदला. हे काम चांगल्या फोनवरूनच करायचं बरं का! का, सांगा बघू? बिघडलेल्या फोनवर नवा पासवर्ड टाइप केला, तर तो चोरही बघत असतो. म्हणजे चोरासमोरच नवी चावी करून घेतल्यासारखं झालं! आधी ई-मेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीची बरीच खाती 'पासवर्ड विसरलो' म्हटलं की ई-मेलवर चिठ्ठी पाठवतात. ई-मेल ही चाव्यांची चावी. मग बँक, मग बाकीची.

नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, मागचं दारही बघायचं. खात्याच्या 'सुरक्षा' पानावर कोणकोणत्या फोनवर खातं उघडं आहे, त्याची यादी असते. अनोळखी असेल त्याला बाहेर काढा. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि ई-मेल आपलाच आहे ना, तेही वाचा. चोर तिथं हळूच स्वतःचा नंबर लिहून ठेवतो आणि महिन्याभरानं पुन्हा येतो. शेवटी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. एका दाराला दोन कुलपं.

सातवं काम: फोन धुऊन काढा. आधी पडद्यावरच्या मेसेजचे फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा, तक्रारीला पुरावा लागतो. मग घरातले फोटो, नातेवाइकांचे नंबर दुसरीकडे घ्या. गुगल खात्याचा पासवर्ड माहीत आहे ना, बघा, कारण नंतर फोन तो विचारू शकतो. आणि मग 'फॅक्टरी रीसेट'. म्हणजे दुकानातून आणला तेव्हा होता तसा कोरा करायचा. नुसतं ते ॲप काढून चालणार नाही का? कधी चालतं, पण अशी ॲपं स्वतःचं चित्र लपवून बसतात, काढू देत नाहीत. कोरा केला की आपल्यालाही शांत झोप लागते. जमत नसेल, तर माहीतगार माणसाकडून करून घ्या. आणि नंतर ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच.

संगणकाचं थोडक्यात सांगते. पडदाभर लाल चौकोन येतो, भोंगा वाजतो, 'तुमचा संगणक हॅक झालाय, या नंबरावर फोन करा' असं लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तेव्हा काहीच झालेलं नसतं. तो नंबर हाच सापळा. फोन करायचा नाही, कुणी सांगितलं म्हणून दुरून संगणक चालवणारं ॲप बसवायचं नाही. इंटरनेट तोडायचं, ते पान बंद करायचं, होत नसेल तर संगणकच बंद करायचा. मग अँटिव्हायरसनं पूर्ण तपासणी.

आता मोठ्या दोस्तांसाठी, आठवी-नववीच्या. तुमची इन्स्टाग्रामची किंवा गेमची खाती जातात ती 'फुकट डायमंड'च्या नादानं. तिथंही हाच क्रम. इन्स्टाग्रामचं खातं गेलं, तर इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड हे त्यांचं स्वतःचं मदतीचं पान आहे. 'पाचशे रुपयांत खातं परत आणून देतो' म्हणणारे भेटतील, ते दुसरे चोर! आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. खातं घेऊन कुणी फोटोंवरून धमकी द्यायला लागलं, पैसे मागायला लागलं, तर एक रुपयाही देऊ नका, मेसेज पुसू नका आणि एकटे झुरू नका. आई, बाबा, ताई, शिक्षक, ज्यांच्याशी बोलता येईल त्यांच्याशी त्याच दिवशी बोला. घरात बोलायला जमत नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर दिवसरात्र चालू असतो. गुन्हा चोराचा आहे, तुमचा नाही.

दोन ओळी आई-बाबांसाठी, त्यांना वाचून दाखवा. त्या सोमवारी मुलाचे वडील शाळेत आले, तेव्हा पोरगं माझ्या मागं लपलं होतं. वडील थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला रात्रीच का नाही उठवलंस रे?" त्यांचा राग होता तो उशिराचा. लेकराला तो आधी कळला असता, तर त्यानं उठवलं असतं. म्हणून पालकांनो, आजच मुलांना सांगून ठेवा, 'फोनचं काही बिघडलं, तर आधी आम्हाला सांग. सांगितल्याबद्दल आम्ही रागावणार नाही.' आणि मग खरंच रागावू नका.

मीही तेव्हापासून एक नियम केलाय. कुणाच्याही नंबरावरून विचित्र मेसेज आला, तर नुसता पुसत नाही. त्याला लगेच फोन करते. फोन लागला नाही, तर घरच्या दुसऱ्या कुणाला करते. रात्र असली तरी!

या आठवड्याचा गृहपाठ: एका कार्डावर घरच्यांच्या मदतीनं लिहा, १९३०, १०९८, बँकेचा पासबुकावरचा नंबर आणि दोन जवळच्या नातेवाइकांचे नंबर. कार्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. (फोनमध्येच लिहून ठेवाल, तर फोन बंद पडल्यावर बघणार कुठे?) मग फोनमध्ये एटीएम कार्डाचे फोटो असतील, तर घरच्यांना विचारून पुसून टाका. आणि व्हॉट्सॲपचं 'लिंक केलेली डिव्हाइस' हे पान एकदा आई-बाबांबरोबर उघडून बघा.

आमच्या त्या दोस्ताचं काय झालं म्हणता? सध्या तो शाळेत 'फोन डॉक्टर' झालाय. परवा एका आजोबांचा फोन घेऊन आला होता. मला म्हणाला, "बाई, आधी फ्लाइट मोड, मग बाकीचं. बरोबर ना?"

अगदी बरोबर!

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमची,
बाई